शून्य पॉइंट तीन

पहिल्याच दिवशी तो थुंकला.
खटका दाबला, मागे ओढला,
आणि डब्याच्या खिडक्यांवर निळी पिंक,
फलाटाच्या कोपऱ्यात असते तशी.
नंतर काहीच नाही.
कॉम्प्रेसरची घरघर
आणि रंगाच्या इवल्या वाटीत बुडबुडे,
जणू खाली मासा दडून बसलाय.

तेहेतीस वर्षं एजी ऑफिसात
मी दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढल्या.
सवयीने आधी दोष मशीनला दिला.

जिन्सी नाला नंबर दोनला
हरगोविंद माहोर बुलेटच्या टाक्यांवर
वाघ काढतो, ज्वाळा काढतो.
एअरब्रश रुमालात गुंडाळून नेला,
जखमी पाखरू नेतात तसा.
त्याने सुई मागून अलगद ओढली,
काचेवर ठेवून बोटाखाली लाटली.
"देखो दीदी, नोक नाच रही है."
केसाएवढं वाकलं होतं टोक.
तेवढ्यासाठी फवारा आठवडाभर
डावीकडे पळत होता.

आणि नळीच्या तोंडाशी वाळलेला रंग,
डोळ्यात चिपाड असतं तसा.
मी टाचणी पुढे केली
तर माझ्या हातावर चापट मारली त्याने.
नळी थिनरमध्ये भिजत घातली, चहा मागवला.
"कितना पतला किया था?"
म्हटलं, डब्यावर लिहिलंय तेवढं.
"डब्बे पे लिखने वाला
मई में लश्कर आया था क्या?"

चव्वेचाळीस डिग्रीत थेंब
बाहेर पडायच्या आत म्हातारा होतो.
रंग दुधासारखा हवा,
घरच्या नव्हे, टपरीवरच्या दुधासारखा.
जुन्या पायमोज्यातून गाळलेला.
फार पातळ झाला तर कोळ्याचे पाय फुटतात,
तेही त्याने माझ्या रद्दी पेपरवर काढून दाखवले.
सुरू करताना आधी हवा, मग रंग.
थांबताना आधी रंग बंद, मग हवा.

घरी येऊन बाबांना सांगितलं.
"म्हणजे शिट्टी आणि झेंडा," ते म्हणाले.
"एकाच्या आधी दुसरं केलं की मेमो."

बाबा नॅरोगेजवर गार्ड होते.
दोन फुटांच्या रुळावरून
अख्खं सबलगढ जायचं, छपरावर बकरीसकट.
माझी नळी शून्य पॉइंट तीन मिलिमीटर.
त्यातून मला
ती गाडी काढायची आहे.

काचबिंदूने त्यांना आता कडेचं दिसत नाही,
मधलं धूसर.
तरी रंगावर हटून बसतात.
"असा नव्हता गं निळा.
धुतलेल्या शाईच्या दौतीसारखा होता."
सात निळे झाले.
सातही नापास.

मग एका दुपारी घाई केली.
ब्रश वीतभर लांब धरला, कूलर बंद,
रंग वाटेतच वाळला
आणि डब्यावर बसला तो रवा होऊन.
खरखरीत. पाचशे नंबरचा पॉलिश पेपर शोधत होते
तेवढ्यात बाबांनी डबा उचलला.
अंगठा फिरवला. थांबले.
पुन्हा फिरवला, उलट्या बाजूने.
"सुमावली," म्हणाले.
"लू सुटली की डब्याला असंच अंग यायचं.
झेंडा दाखवायला दांडी धरली
की तळव्याला हेच लागायचं."

मी पेपर ड्रॉवरमध्ये टाकला.

पुढचे दोन डबे पहाटे पाचला रंगवले,
चार बोटांच्या अंतरावरून,
हात डब्याच्या आधी सुरू करून
डबा संपल्यावर थांबवून.
गुळगुळीत आले, एकसारखे.
हरगोविंदने फोटो पाहून अंगठा पाठवला.
बाबांनीही अंगठा फिरवला,
आणि चष्मा कुठे ठेवलाय ते विचारलं.

रात्री वाटीत साधं पाणी भरते.
बेसिनमध्ये निळा, मग फिका,
मग नुसतं ओलं, मग हवा.
सुई पुसून, टोकाला टोपण.

चौथा डबा परत थुंकतोय.
वाटीत बुडबुडेही आहेत.
या वेळी रंग दुधासारखाच आहे, टोक सरळ आहे.
उद्या वॉशर बघायचाय.